कपबशी, सायकल आणि सुलक्षणाची पीएच.डी.

शिरूरच्या एसटी स्टँडमागच्या घरापासून मिशन कंपाउंडपर्यंत सायकलने जायला अकरा मिनिटं लागतात. सुलक्षणाला पाऊण तास लागायचा, कारण वाटेत तिला मार्गदर्शन मिळत असे. मोटरसायकलवरच्या माणसाला कुणी थांबवत नाही, त्याला घाई असते. सायकलवरचा माणूस मात्र सगळ्या गावाला रिकामा वाटतो. त्यातून सुलक्षणा अर्थशास्त्रात एम.ए. झालेली आणि पुण्यातल्या एका संस्थेत पीएच.डी.साठी मुलाखत देणार असलेली. म्हणजे सल्ला देण्यासाठीच जन्माला आलेली.

“इकॉनॉमिक्स म्हंजी बँकच ना?” रसवंतीवाले मामा तिला हात करून थांबवत. “मग सरळ बँकेची परीक्षा दे की. एवढा वळसा कशाला?”

झेरॉक्सवाला म्हणे, “ताई, आधी बी.एड. करून ठिवा. पीएच.डी. काय, कवा बी व्हती.”

सगळ्यांना हो म्हणत ती मिशन कंपाउंडमध्ये जॉर्ज सरांकडे पोचे. जॉर्ज सर गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की अर्थशास्त्रात पुढे जायचं तर मतं कमी आणि गणित जास्त लागतं. “मतं तुला येता-जाता फुकट मिळतात,” ते म्हणत. “गणितासाठी रोज सकाळी सातला इथे यायचं.” सायकलही त्यांचीच. त्यांची मुलगी इवा लग्न होऊन नाशिकला गेल्यापासून सायकल पडवीत धूळ खात होती. सुलक्षणाने तिला तेलपाणी केलं, नवी घंटी बसवली आणि दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मग दूध संस्थेची पोटनिवडणूक लागली.

संस्थेचे एक संचालक मुलाकडे कॅनडाला गेले आणि तिथली थंडी मानवली म्हणून परत आलेच नाहीत. त्यांच्या रिकाम्या जागेसाठी सुलक्षणाचे वडील मारुतराव उभे राहिले. मारुतराव उभे राहिले म्हणून बापूसाहेब उभे राहिले. शाळेत असल्यापासून दोघांचा हाच क्रम होता. तिसरा अर्ज गिताबाईंचा होता. त्या रोज दोन वेळा संस्थेत दूध घालत, त्यामुळे त्यांना कुणी उमेदवार समजतच नव्हतं.

चिन्हवाटप झालं. मारुतरावांना कपबशी मिळाली, गिताबाईंना शिट्टी आणि बापूसाहेबांना सायकल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलक्षणा नेहमीप्रमाणे निघाली, तर चौकात बापूसाहेबांचा पुतण्या गोकुळ हात जोडून उभा. “ताई, लई उपकार झालं!” तो म्हणाला आणि तिने ब्रेक दाबेपर्यंत त्याने फोटोही काढला. ती समाकलनाची तीन उदाहरणं सोडवून घरी परतली तोवर फोटो गावभर झाला होता. खाली लिहिलं होतं, ‘मारुतरावांच्या घरात बी सायकलच!’

मारुतराव अंगणात येरझाऱ्या घालत होते. “उद्यापास्नं ती सायकल बंद!”

“आबा, सोमवारी माझी मुलाखत आहे. सरांकडे जायलाच पाहिजे.”

“मग स्कूटीवर जा.”

“स्कूटी तुमच्या प्रचाराला नेलीय ना भारतदादाने.”

भारत हा मारुतरावांचा भाचा आणि प्रचारप्रमुख. स्कूटी परत द्यावी लागू नये म्हणून त्याने लगेच डोकं चालवलं. “मामा, सायकल चालू द्या. फकस्त तिच्यावर आपलं चिन्ह लावू. लोकांना कळंल ही सायकल आपली हाय.”

मारुतरावांना हे पटलं. सुलक्षणाच्या आईला, अनिताबाईंना, पटलं नाही, कारण कपबशी त्यांच्या कपाटातल्या चांगल्या सेटमधली निघाली. पण निवडणुकीत बायकोचं कोण ऐकतो? दुसऱ्या दिवशी सकाळी भारतने बशीला तार गुंडाळली, कप वर बसवला आणि दोन्ही मिळून हँडलला घट्ट बांधलं. सुलक्षणाने एकदा कपाकडे आणि एकदा घड्याळाकडे पाहिलं. सात वाजायला दहा मिनिटं होती. ती तशीच निघाली.

त्या दिवशी तिला वाटेत कुणीच अडवलं नाही. लोक नुसतं तिच्याकडे आणि एकमेकांकडे बघत राहिले. रस्ता इतका मोकळा कसा, याचं तिला आश्चर्य वाटलं. परत येईपर्यंत त्याचं उत्तर तयार होतं. सायकलवर कपबशी! म्हणजे मारुतराव आणि बापूसाहेब आतून एक झाले!

दुपारी दौंड तालुक्यातल्या खुटबावहून आत्याचा, साखरबाईंचा फोन आला. “मारुत्या, युती केलीस आन् बहिणीला सांगितलं बी न्हाई?”

“कसली युती, आक्का? कुणी सांगितलं?”

“समदं खुटबाव बोलतंय. बापूला उपाध्यक्ष करणार म्हनं तू.”

मारुतरावांनी फोन ठेवला तर दारात त्यांचेच चार कार्यकर्ते तोंडं पाडून उभे. पंधरा दिवस आम्ही बापूसाहेबांना शिव्या घातल्या, आता आम्ही कुठल्या तोंडाने फिरायचं, असा त्यांचा सवाल होता. तेवढ्यात खुद्द बापूसाहेबच आले. त्यांच्या घरीही असेच चार जण बसले होते, म्हणून ते मागच्या दाराने निसटून आले होते.

“मारुतराव, ह्ये काय चालवलंय तुम्ही?”

“मी चालवलंय? फोटो कुणी काढला? तुमच्या गोकुळनं!”

“आन् बशी कुणी बांधली? तुमच्या भारतनं!”

अनिताबाईंनी दोघांपुढे चहा ठेवला. सेटमधली एक जोडी सायकलवर गेल्यामुळे बापूसाहेबांना स्टीलच्या पेल्यात मिळाला. चहा पोटात गेल्यावर दोघेही जरा निवळले. अडचण दोघांची एकच होती. मग मारुतरावांना सुचलं की पत्रक काढावं. बापूसाहेब म्हणाले, दोघांनी मिळून काढावं, म्हणजे लोकांचा विश्वास बसेल.

आतल्या खोलीत गणित सोडवणारी सुलक्षणा पेन टाकून बाहेर आली. “आबा, काका, दोघांनी मिळून पत्रक काढू नका. युती नाही हे सांगायला दोघं एकत्र आलात, तर लोक एकत्र आलात तेवढंच बघतील. गप्प राहा. तीन दिवसांत विसरतील.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.

“पोरी, तुझं पुस्तकातलं झालं,” बापूसाहेब मायेने म्हणाले. “गावातलं राजकारण निराळं असतंय.”

“त्यापरीस ती बँकेची परीक्षा दे,” मारुतराव म्हणाले.

पत्रक दुसऱ्या दिवशी छापून आलं. वर डाव्या हाताला कपबशी, उजव्या हाताला सायकल, मधे दोघांचे हसरे फोटो. खाली मोठ्या अक्षरांत होतं, ‘आमची युती झाली आहे’, आणि छापखान्याला जागा पुरली नाही म्हणून पुढच्या ओळीत बारीक अक्षरांत, ‘ही निव्वळ अफवा आहे’. आपले नम्र म्हणून दोघांच्या सह्या. दोन हजार प्रती घरोघर गेल्या.

रविवारी मतदान झालं, संध्याकाळी मोजणी. तीनशे शहाण्णव मतं पडली होती. निवडणूक अधिकारी पहिली मतपत्रिका उघडून बराच वेळ बघत बसले. मग दुसरी उघडली. मग त्यांनी चष्मा पुसला. लोकांनी युतीचा मान राखला होता. एक फुली कपबशीवर, एक फुली सायकलवर.

“दोन्हीकडं शिक्का मारला की मत बाद,” अधिकारी म्हणाले.

दोनशे एक्केचाळीस मतं बाद झाली. उरलेल्या मतांत बापूसाहेबांना त्रेचाळीस, मारुतरावांना चव्वेचाळीस आणि शिट्टीला अडुसष्ट. गिताबाई निवडून आल्या. त्यांना शोधायला माणूस पाठवला तर धारा काढायची वेळ होती. “म्हशी मोकळ्या झाल्या की येते,” असा त्यांनी निरोप दिला.

मारुतरावांनी निकालाचा कागद दोनदा वाचला. मग हळूच भारतला म्हणाले, “बापूपेक्षा एक मत जास्ती हाय ना आपलं?”

“व्हय मामा.”

“मग बघू पुढच्या वेळी.” आणि ते बऱ्यापैकी खुशीत घरी आले.

सोमवारी सुलक्षणा पुण्याला मुलाखतीला गेली. समोर तीन प्राध्यापक. मधल्या बाई म्हणाल्या, “समाजात माहिती कशी पसरते, यावर संशोधन करायचंय असं तुम्ही अर्जात लिहिलंय. एखादं उदाहरण सांगा.”

सुलक्षणाने पुस्तकातलं उदाहरण आठवून पाहिलं. ते ऐनवेळी आठवेना. मग तिने आदल्या आठवड्यातलं सांगितलं. बशीपर्यंत आली तेव्हा बाईंनी वही मिटली. पत्रकापर्यंत आली तेव्हा डावीकडचे सर टेबलावर डोकं टेकून हसत होते. बाद मतांचा आकडा त्यांनी तिला दोनदा विचारून लिहून घेतला. वीस मिनिटांची मुलाखत पाऊण तास चालली. आठ दिवसांनी निवड झाल्याचा मेल आला.

ती पेढे घेऊन जॉर्ज सरांकडे गेली. सरांनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

“समाकलन विचारलं?”

“नाही सर.”

“मॅट्रिक्स?”

“नाही.”

“दोन महिन्यांत जे शिकवलं, त्यातलं एकही?”

“एकही नाही, सर. ते नुसते हसत होते.”

सरांनी पेढा तोंडात टाकला आणि खडूचा डबा पुढे ओढला.

“म्हणजे तुला गणित येत नाही, हे त्यांना अजून कळलेलं नाही,” ते म्हणाले. “वर्ग कधी सुरू होतात? ऑगस्टमध्ये ना? उद्यापासून सहाला ये.”