दर बिऱ्हाडी दीड किलो

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. टिंबाच्या बाबतीत माझा हात धरणारं कोणी नाही.

भांडुपला पशुखाद्याचा एक कारखाना आहे. तिथली प्रयोगशाळा मी अकरा वर्षं सांभाळते आहे. पेंडीत प्रथिनं किती, भुशात ओल किती, हे मी दशांशचिन्हापुढे दोन घरांपर्यंत काढते, आणि अकरा वर्षांत माझं एकही टिंब इकडचं तिकडे झालेलं नाही. होऊन चालत नाही. टिंब एक घर सरकलं तर त्याचा निकाल कोंबड्यांना भोगावा लागतो. त्यामुळे एकदा लिहिलेलं मी परत वाचत नाही. गरजच पडत नाही.

म्हणजे यंदाच्या, सत्त्याऐंशीच्या जुलैपर्यंत तरी पडली नव्हती.

आमच्या प्रयोगशाळेतला धोंडिराम माण तालुक्यातला. नमुन्याच्या बाटल्या धुताना तो सतत बोलतो, ऐकायला कोणी नसलं तर बाटल्यांशी बोलतो. त्या सोमवारी बाटल्या मुकाट्याने धुतल्या जात होत्या.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"काय न्हाय बाई. गावाकडं गुरांची छावणी मंजूर झालीया."

"मग चांगलंच आहे की."

"मंजूर झालीया. चारा यायचाय. आठ दिस लागतील म्हणत्यात. आमच्या वस्तीवर बारा जनावरं हायती. आठ दिस ती काय मंजुरी खाणार?"

त्याचा थोरला भाऊ कुंडलिक शुक्रवारी लोणंदच्या कांद्याच्या ट्रकबरोबर मुलुंडला येणार होता. ट्रक परत जाताना रिकामा. त्यात काही चारा मिळाला तर ठीक, नाहीतर रविवारच्या बाजारात निम्मी जनावरं मिळेल त्या भावात सोडायची. त्यात एक चांदणी नावाची खिल्लार गाय होती. तिची आई गेल्यावर धोंडिरामच्या आईने तिला बाटलीने दूध पाजून वाढवली होती. धोंडिराम म्हणाला, "आई म्हणती, चांदणीबरोबर मलाबी बाजारात उभी करा."

मी कागद घेतला. जनावरं बारा. जगण्यापुरता चारा रोजचा चार किलो. दिवस आठ. एकूण तीनशे चौऱ्याऐंशी किलो.

आता दुसरी बाजू. आमच्या मुलुंडच्या कॉलनीत चार इमारती आणि दोनशे छप्पन बिऱ्हाडं आहेत. बहुतेक सगळी देवगड-मालवणकडची. अशा घरांत जुलै महिन्यात पोटमाळ्यावर आंब्याच्या दोन तरी रिकाम्या पेट्या असतात. आंबे संपतात, पेटी 'लागेल कधीतरी' म्हणून राहते, आणि पेटीबरोबर तिच्यातला भाताचा पेंढाही राहतो. मी घरच्या दोन पेट्या उपसल्या, पेंढा तपासला आणि वजन केलं. दीड किलो. दोनशे छप्पन गुणिले दीड, बरोबर तीनशे चौऱ्याऐंशी.

देवाने जुळवून आणल्यासारखं गणित होतं. पण मी देवबिव मानत नाही, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून श्रेय मी स्वतःकडेच ठेवलं.

तरी शास्त्राचा नियम म्हणून दुसरा मार्गही पाहून ठेवला. पुढच्या फाटकासमोर भीमराजची डेअरी आहे. पुढे दुकान, मागे तबेला, तबेल्याच्या माळ्यावर छपराला टेकलेला पेंढा. त्याला विचारलं.

"बाई, तुम्ही जीव मागा, देतो," भीमराज म्हणाला. "पेंढा नका मागू. पावसाळ्याचा स्टॉक आहे. माझ्या म्हशी काय पेपर वाचणार?"

म्हणजे भिस्त कॉलनीवर. सोमवारी रात्री मी सूचना लिहिली: गुरांसाठी पेंढा हवा आहे. दर बिऱ्हाडी किमान १.५ किलो. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता मैदानात आणावा. खाली सही. कारण लिहिलं नाही. सूचनेत प्रमाण असावं, कारण कशाला? कागद सेक्रेटरी चंद्रप्रकाश सामंतांना दिला. पुढच्या फाटकावरच्या फळ्यावर खडूने सूचना लिहिण्याचं काम ते फार मनापासून करतात. माझी कारखान्याची बस मागच्या फाटकावर येते, त्यामुळे फळा माझ्या वाटेत नाही. आणि असता तरी मी काय वाचणार होते? मीच लिहिलेलं.

बुधवारी जिन्यात शेजारच्या प्रेमाकाकूंनी मला गाठलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, त्यांच्या लेकाला नोकरी लागली.

"गो रत्ना, शेवटी तुका सुचला म्हणायचा. बरा झाला हां बाय. आता माका सांग, पिवळो हाडू काय पांढरो?"

"पिवळाच चांगला. काळा पडलेला नको."

"काळो कित्याक? ताजो हाडतंय."

"ताज्यापेक्षा कोरडा बघा, काकू. ओल राहिली की बुरशी धरते. पंख्याखाली पसरून ठेवा रात्रभर."

"पंख्याखाली?" काकू जरा थबकल्या. "बरां. तू शास्त्रातली. आणि पेटीत घालून हाडू?"

"पेटीसकट आणा. वर सुतळी बांधा म्हणजे सांडणार नाही."

"आणि खातत किती ते?"

"पोटभर म्हणाल तर दिवसाला सहा किलो. चारावरही जगतात."

काकूंनी कठडा धरला. "सहा किलो? एकटे?"

"वर चाळीस लिटर पाणी."

"मोठो अधिकार आसा त्यांचो," काकू हळूच म्हणाल्या आणि हात जोडले. कोणाला जोडले ते मला कळलं नाही. मला वाटलं, मला.

गुरुवारी दूध घ्यायला गेले तर डेअरीसमोर रस्त्यापर्यंत रांग. सगळी आमच्याच कॉलनीतली माणसं. मला पाहून बाजूला झाली, दोघी-तिघी तर आदराने झाल्या. भीमराजला घाम फुटला होता.

"बाई, तुमच्या कॉलनीत एकदम एवढी लग्नं कुठून निघाली?" त्याने विचारलं.

"मला काही कल्पना नाही," मी म्हटलं. आयुष्यात इतकं खरं मी क्वचितच बोलले असेन.

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली. कारखान्यातून ताणकाटा मागून घेतला, धोंडिरामने रिकामी पोती घेतली, आणि साडेचारला आम्ही मागच्या फाटकाने आत शिरलो. मैदानाकडून पेटीचा आणि टाळांचा आवाज येत होता. पेटी म्हणजे वाजवायची पेटी.

मैदानात सतरंज्या अंथरल्या होत्या. भजनी मंडळ रंगात आलं होतं. मधे सेक्रेटरींच्या घरची हाताची खुर्ची, आणि खुर्चीत पांढऱ्या दाढीचा, खांद्यावर घोंगडी घेतलेला एक म्हातारा. गळ्यात झेंडूचा हार, पाय परातीत. पुढे मिठाईच्या खोक्यांची चळत, कमरेएवढी. प्रत्येक खोक्याला सुतळी.

धोंडिरामच्या हातातली पोती गळून पडली.

"दादा?" तो म्हणाला.

"धोंड्या, आलास का रं?" खुर्चीतला म्हातारा रडकुंडीला येऊन म्हणाला. "ट्रक लवकर आला म्हणून मी म्होरं आलो. हितं उतरलो तसं मला धरलं आन् पाय धुयाला लागले. मी म्हणतोय, बाबांनो, गुरं उपाशी हायती, गुरं उपाशी हायती, तर ह्या बाया रडायला लागल्या आन् माझ्याच तोंडात पेढं कोंबाय लागल्या."

"मगे काय करतलो?" प्रेमाकाकू डोळे पुसत म्हणाल्या. "गुरूच सांगतत, गुरू उपाशी. ऐकवना नाय गो."

मी सामंतांकडे वळले. आवाज शांत ठेवला. "सामंत, फळ्यावर तुम्ही नेमकं काय लिहिलंत?"

"जे दिलंत तेच. म्हणजे..." सामंतांनी चष्मा सारखा केला. "'गुरूंसाठी पेढा हवा आहे. दर बिऱ्हाडी किमान दीड किलो.' एक छोटीशी दुरुस्ती मी केली, रागावू नका. तुम्ही 'गुरांसाठी पेढा' लिहिलं होतं. मी म्हटलं, गुरं कुठे पेढा खातात? उद्या गुरुपौर्णिमा. एवढ्या शिकलेल्या बाई, लिहिण्याच्या नादात चुकल्या असतील, चारचौघांत हसं नको. म्हणून गुपचूप सुधारून घेतलं. तुम्ही गुरू केलात याचा आम्हाला किती आनंद झाला म्हणून सांगू."

"मी पेंढा लिहिलं होतं. पे वर टिंब. पेंढा."

सामंतांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. ते सगळे कागद जपून ठेवतात. त्यांच्यातला हा गुण मला त्या क्षणी मुळीच आवडला नाही.

अक्षर माझंच. सुवाच्य. एक आणि पाच यांच्यामधलं दशांशचिन्ह ठसठशीत, दोनदा गिरवलेलं. आणि 'पेढा'च्या डोक्यावर काहीही नाही.

भजन थांबलं होतं. मैदानात दीड-दोनशे माणसं होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती. मी आजवर एवढ्या लोकांपुढे कधी बोलले नव्हते. चार वाक्यांत सांगून टाकलं: बारा जनावरं, आठ दिवस, आंब्याच्या पेट्या, आणि चूक माझी.

आधी सगळ्यांनी खोक्यांच्या चळतीकडे पाहिलं. मग प्रेमाकाकूंना हसू फुटलं. त्या अशा हसल्या की परातीतलं पाणी हिंदकळलं. "आणि माका म्हणता पंख्याखाली वाळव. मी रात्रभर पेढे वाळवलंय गो. मुंगळ्यांची जत्रा झाली."

"पण काकू, दीड किलो पेढे मागितल्यावर तुमच्यापैकी कोणीच मला विचारलं कसं नाही?"

"कोण इचारतलो?" काकू म्हणाल्या. "वीस वर्सां तू हय रवतंस. आमच्या पोरांका गणित शिकवलंस, माझ्या म्हाताऱ्याची औषधां आणून दिलंस. कधी कोणाकडे वाटीभर साखर मागलंस नाय. पयल्यांदा काय मागलंस तर इचारीत बसाचा? दीड नाय जमला, अर्धो किलो हाडलंय."

"आम्ही पावच आणला, ताई," मागून कोणीतरी ओशाळून म्हणालं.

मी ताणकाटा उगाचच न्याहाळला. त्यावरचे आकडे मला नीट दिसत नव्हते.

पण पेढ्यांनी बारा जनावरं जगत नाहीत. साडेपाचला ट्रक निघणार होता. माणसं पेट्या आणायला इमारतींकडे पळाली, आणि दहा मिनिटांत चित्र स्पष्ट झालं. पंधरा-वीस बिऱ्हाडांनी पेंढा आणला. बाकीच्यांनी पेढे ठेवायला जागा करताना माळा साफ करून पेट्या मंगळवारीच भंगारवाल्याला दिल्या होत्या. गुरू घरी यायचे म्हणून. काट्यावर भरला एकतीस किलो. मी मनात भागाकार केला. पाऊण दिवससुद्धा नाही.

कुंडलिकदादाने गळ्यातला हार काढून नीट घडी करून खुर्चीवर ठेवला. "ऱ्हाऊ द्या बाई," तो म्हणाला. "तुमी एवढं केलं. आता जे हुईल ते हुईल." धोंडिराम पोती परत गोळा करायला लागला. एकही शब्द न बोलता.

तेवढ्यात फाटकातून भीमराज धावत आला. धोतर गुडघ्यापर्यंत, हातात वही.

"कुठे आहे माझा माल?" त्याने खोक्यांची चळत पाहिली आणि कपाळावर हात मारला. "सगळा इथे? बाई, वाट लागली माझी. उद्या गुरुपौर्णिमा. तीन मठांच्या ऑर्डरी घेतल्यात, दुकानात एक पेढा नाही. खवा संपला. तुमच्या लोकांनी दोन दिवसांत दुकान धुऊन नेलं. आता मठात काय नेऊन देऊ? पेंढा?"

तो स्वतःच बोलायचा थांबला. मीही त्याच्याकडे बघत होते. त्याच्याकडे पेंढा होता आणि पेढा नव्हता. आमच्याकडे पेढा होता आणि पेंढा नव्हता. इतकं सरळ समीकरण मी प्रयोगशाळेतसुद्धा पाहिलेलं नाही.

"दोन-चार सोडली तर खोकी उघडलेली नाहीत," मी म्हटलं. "फक्त काकूंचे पेढे सोडा, त्यांत मुंगळे आहेत."

भीमराजने नजरेनेच खोकी मोजली. त्याने कुंडलिककडे पाहिलं. "किती जनावरं?"

"बारा," कुंडलिक म्हणाला. "एक गाभण हाय."

"गाभण आहे हे आधी नाही सांगायचं?" भीमराज एकदम खेकसला. "बाई आली, हिशेब सांगून गेली. गाभण आहे म्हणून बोलली नाही. ट्रक मागे लाव, तबेल्याकडे. माझ्याकडे सरकी पेंड पण आहे, दोन पोती टाक. आणि वजन करू नका, बाई, तो काटा आत ठेवा. मला टेन्शन येतं."

भजनी मंडळाने टाळ ठेवले आणि माळ्यापासून ट्रकपर्यंत रांग लावली. सामंत सगळ्यांत पुढे होते. त्यांच्या केसांत दिवाळीपर्यंत पुरेल इतका पेंढा अडकला होता. सहाला ट्रक भरला. मी बघून अंदाज केला, पाचशे किलोंच्या खाली नव्हता. कुंडलिकदादाने वर चढण्याआधी धोतराच्या सोग्यात बांधलेला एक पेढा काढून दाखवला. "ह्यो आईला. सांगतो, तुझा ल्योक अर्धा तास गुरू झाला हुता."

धोंडिराम ट्रक दिसेनासा होईपर्यंत उभा होता. मग बोलायला लागला, तो सोमवारी संध्याकाळपर्यंत थांबला नाही. मी एकदाही त्याला गप्प बस म्हटलं नाही.

पंधरवड्याने कुंडलिकचं कार्ड आलं. छावणीत चारा पोचला होता, चांदणीला कालवड झाली होती. कार्ड गावातल्या कोणाकडून तरी लिहून घेतलेलं असावं. शेवटचं वाक्य होतं: 'बाई, तुमच्या पेढ्यावर आमची बारा गुरे जगली.'

सवयीने मी लाल पेन उचललं, टोपण काढलं, आणि 'पे'च्या डोक्यावर नेलं. तिथून परत आणलं. वाक्य बरोबर होतं.

हे कार्ड आता प्रयोगशाळेत माझ्या टेबलावरच्या काचेखाली आहे. आणि हल्ली मी लिहिलेलं परत वाचते. हेही तीनदा वाचलं आहे. तरी कुठे टिंब राहिलं असेल, तर सामंतांना दाखवू नका. ते सुधारतील.