अंबाड्याच्या वर वीतभर

"जागा कधीच कमी नसते. माणसाचं डोकं कमी पडतं," असं म्हणून इंचरावांनी खिशातून टेप काढली, तेव्हाच खरं तर कुणीतरी ती त्यांच्या हातून काढून घ्यायला हवी होती. पण घरात उरली माणसं दोन. बायको तोंडात टाचण्या धरून कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत होती, त्यामुळे तिला बोलता येईना. आणि सासऱ्यांची नजर अधू झालेली, त्यांना टेप दिसलीच नाही.

इंचराव हे अर्थात ऑफिसातल्या लोकांनी ठेवलेलं नाव. घरांचे नकाशे काढायची नोकरी, आणि मापाचं वेड असं, की हॉटेलात गेले तरी आधी टेबल मोजायचे आणि मग बसायचे. लोक हसायचे, पण कुणाचा जिना कुठे बसवायचा हे अडलं की त्यांच्याकडेच धावायचे. त्यामुळे हा गृहस्थ आणखीच शेफारला होता.

तर झालं असं. डॉक्टरांनी सासऱ्यांना गाडी चालवायची बंदी केली. एकट्याने राहणंही जमेना, म्हणून ते मुलीकडे आले, आणि त्यांच्या मागोमाग त्यांची गाडी आली. ती तूर्त एका मित्राच्या अंगणात उभी होती, कारण गल्लीत लावली तर पोलीस उचलून नेणार. गॅरेज एकच. त्याच्या डाव्या अंगाला इंचरावांची स्वतःची गाडी आणि उजव्या अंगाला, खिडकीखाली, बायकोचं शिलाई मशीन, कापायचं टेबल आणि इस्त्री. तिथली रद्दी आणि फुटके डबे तिने स्वतः उपसून बाहेर काढले होते, भिंतीला रंगही स्वतःच दिला होता. अख्ख्या घरात तिची म्हणावी अशी तेवढीच एक जागा होती.

सासऱ्यांनी किल्ली जावयाच्या हातावर ठेवली. "जावईबापू, हिचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा."

"बाबा, तुम्ही निश्चिंत राहा," इंचराव म्हणाले. "गाडी आपल्याच घरात राहील. मी लिफ्ट बसवतो."

मग लिफ्टवाला आला. गाड्या दुरुस्त करणाऱ्यांकडे असते तसली लिफ्ट घरात बसवून देणारा हा माणूस, पण त्यालाही गॅरेजमध्ये शिरल्यावर डोकं खाजवावं लागलं. दोन खांबांची लिफ्ट घ्यावी तर पाया खोल हवा, आणि इथल्या फरशीखालचं काँक्रीट पातळ. कात्रीसारखी उघडणारी घ्यावी तर तिचे पाय मधोमध येणार आणि खालची जागा वाया जाणार. राहिली चार खांबांची, पलंगासारखी आपल्या पायांवर उभी राहणारी. ती इंचरावांना पसंत पडली. पण डाव्या अंगाला पाण्याची टाकी असल्याने छत बुटकं, तिथे गाडीवर गाडी काही केल्या बसेना. उजवीकडे छत उंच होतं.

"म्हणजे गाडी माझ्या डोक्यावर?" बायकोने तोंडातल्या टाचण्या काढून विचारलं.

"डोक्यावर नाही गं. डोक्याच्या वर. तू बस बघू मशीनवर."

ती बसली. इंचरावांनी जमिनीपासून तिच्या अंबाड्यापर्यंत माप घेतलं, कागदावर आकडेमोड केली आणि त्यांचा चेहरा उजळला. "दोन गाड्या एकावर एक बसत नाहीत, पण तू बसलेली आणि वर गाडी, हे बरोबर बसतं. अंबाड्याच्या वर वीतभर जागा उरते. हवा खेळती राहील."

"आणि उठायचं झालं तर?"

"शिवताना उठायचं कशाला?"

बायकोने वडिलांकडे पाहिलं. वडील किल्ली नसलेल्या रिकाम्या हाताकडे बघत बसले होते. तिने टाचण्या परत तोंडात धरल्या. इंचरावांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला. नवरेमंडळी घेतात तसा.

लिफ्टवाला मात्र मुरलेला होता. "साहेब, कागदावर हत्तीसुद्धा बसतो," तो म्हणाला. "एकदा बसवलेली मी परत घेत नाही. आधी गाडीच्या मापाचा सांगाडा करून तेवढ्या उंचीवर टांगा. थोडे दिवस त्याखाली वावरून बघा. मग फोन करा."

इंचरावांना ही कल्पना इतकी आवडली की ती आपल्यालाच सुचली असं ते दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगत होते. बांबूच्या कामट्या आणल्या, सासऱ्यांच्या गाडीचं इंच न इंच माप घेऊन सांगाडा बांधला. त्याला पांढऱ्या अस्तराचं कापड चढवलं, ते शिवलं अर्थात बायकोनेच. काचांच्या जागी तिने काळं कापड लावलं, दुसरं काही शिल्लक नव्हतं. चाकं कुणी केली नाहीत. त्यांच्या जागी कापडाची झालर नुसतीच लोंबत राहिली. मग तुळयांना कप्प्या लावून, कपडे वाळत घालायची दांडी वर ओढतात तसं ते धूड वर ओढलं आणि दोरी दाराजवळच्या खुंटीला बांधली. भिंतीवर पेन्सिलीने उंचीची खूण केली.

गॅरेजमध्ये एकदम अंधारून आलं. खिडकी होती तिथेच होती, पण उजेड आत येऊन कुठे जातो ते कळेना. सासऱ्यांनी हात वर करून कापड चाचपलं आणि हळूच म्हणाले, "थंड लागतंय."

पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकं दारातून कपडे देऊ लागली. आत येऊन घालून बघा म्हटलं तर, "नको, तुम्हाला माप माहीत आहे," म्हणत निघून जायची. वारा नसला तरी सांगाडा हलायचा. पोटाचं कापड हळूच आत जायचं, हळूच बाहेर यायचं. सकाळी त्याचं तोंड जरा खिडकीकडे कललेलं असलं तर संध्याकाळी दाराकडे कललेलं असायचं, येणाऱ्याकडे बघत असल्यासारखं. बायको काम करताना गुणगुणायची, ते बंद झालं. आता आतून फक्त मशीनचा आवाज यायचा आणि तोही मध्येच थांबायचा, कुणी काही बोललं म्हणून ऐकायला थांबावं तसा.

आणि मग सांगाडा खाली यायला लागला.

ऑफिसातून आल्यावर इंचरावांनी सवयीने खूण पाहिली, तर तो खुणेच्या खाली. दोरी ताणली असेल, असं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी, बाकीची दोघं उठायच्या आत, तो पुन्हा खुणेला आणून ठेवला. संध्याकाळी पुन्हा खाली. त्यांनी नवी दोरी आणली. नवी दोरीही तशीच. एका संध्याकाळी तर त्यांनी बायकोला मशीनवर बसलेलं पाहिलं आणि पांढरं पोट तिच्या अंबाड्याला टेकलेलं होतं. ती मान खाली घालून काजं करत होती. काळ्या काचेमागे, चालक बसतो त्या जागी, कापड आतून फुगलेलं होतं.

"तुला काही... जाणवतं का गं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"काही नाही. सहज."

तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि त्यांना वाटलं, हिला कळलंय आणि ही सांगत नाही. हे माणसाला जास्त घाबरवतं. पण सांगाडा आपणहून खाली येतो असं बोलायचं म्हणजे आपलं माप चुकलं असं कबूल करायचं, आणि ते इंचरावांना भुतापेक्षाही अवघड होतं. तेव्हा ते रोज सकाळी घामाघूम होत दोरी ओढायचे आणि न्याहारीला बसून सगळ्यांना सांगायचे, "बघा, कसा चपखल बसलाय." त्यावर बायको आणि सासरे एकमेकांकडे न बघता चहा प्यायचे. दोघांचेही चेहरे दिवसेंदिवस उतरत चालले होते.

शेवटी त्यांनी ठरवलं की काय तो सोक्षमोक्ष लावायचा. गाडी बिघडलीय असं सांगून ते पायी घराबाहेर पडले, दुपारी रजा टाकून चोरपावलांनी परत आले आणि गॅरेजमधल्या आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर, अंगावर राखाडी चादर ओढून आडवे झाले. बायको कपडे पोचवायला गेली होती. गॅरेजमध्ये कुणी नव्हतं. तरी सांगाडा हलत होता आणि त्याची झालर गाडीच्या पत्र्यावर घासत होती, खसखस, खसखस. इंचरावांनी चादर कानांवरून घट्ट ओढून घेतली. आपण हा उपद्व्याप कशाला केला, असं त्यांना पहिल्यांदा मनापासून वाटलं.

दार करकरलं. भिंतीला हात लावत लावत कुणीतरी आलं, खुंटीपाशी थांबलं आणि दोरी सैल करू लागलं. इंचरावांनी चादरीच्या फटीतून पाहिलं. सासरे.

तेवढ्यात बायकोही परत आली. "बाबा, काय करताय?"

सासरे दचकले, पण दोरी हातातच राहिली. "काही नाही गं. जरा सैल करत होतो."

"तुम्ही? रोज?"

"रोज दुपारी, थोडीशी. म्हटलं, जावईबापूंच्या कपाळाला टेकली की त्यांचं त्यांनाच कळेल. मला कुठे हवी आहे ती गाडी आता? विकून टाका म्हणणार होतो. पण ते एवढ्या हौसेने मापं घेत होते. म्हटलं, दुसऱ्याच्या घरी राहायला आलेल्याने कशाला मध्ये बोलावं."

"दुसऱ्याचं घर काय, बाबा," ती म्हणाली. "मी तुमच्यासाठी गप्प बसले. तुमची गाडी नको, असं तुमच्या तोंडावर म्हणवेना. मीपण सोडते दोरी. संध्याकाळी, ते यायच्या आधी."

"मग सकाळी ओढून ठेवतेस कशाला?"

"मी नाही ओढत. तुम्हीच ओढता ना?"

"माझ्या हातात एवढी ताकद कुठे आहे?"

बायको वाकून आत आली, आपल्या स्टुलावर बसली आणि तिने मान वर करून त्या पांढऱ्या पोटाकडे पाहिलं.

"मग याला वर कोण ओढतं, बाबा?"

इथे एखाद्या शहाण्या माणसाने आधी खाकरलं असतं. पण इंचरावांना एवढा धीर कुठला. आपल्या हौसेपायी ही दोघं इतके दिवस जीव मुठीत धरून वावरली, हे त्यांना सहन होईना. ते चादरीसकट ताडकन उठून बसले, काचेला तोंड लावलं आणि म्हणाले, "मी."

बंद काचेतून तो आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. आणि ज्यांना एरवी समोरचा कप दिसत नव्हता, त्या सासऱ्यांना नेमकं तेवढं दिसलं. त्यांनी किंकाळी फोडली आणि दोरी सोडली.

सांगाडा बायकोवर कोसळला. मशीन, स्टूल, ती, सगळं पांढऱ्या कापडाखाली गेलं. झालरीखालून फक्त तिची पावलं दिसत होती. ती हलत नव्हती.

"अगं," इंचराव आतून ओरडले. त्यांनी दार ढकललं. ते बोटभर उघडलं आणि सांगाड्याला अडलं. जगाची मापं घेणाऱ्या या माणसाने दार उघडायला जागा उरते का हे पाहिलंच नव्हतं. "अगं, बोल ना. काही लागलं का? अगं, मला नको ती लिफ्ट, तू बोल फक्त." ते अक्षरशः रडत होते. ती पावलं तशीच होती.

मग कापडाच्या आत करकर आवाज झाला. कापडी गाडीच्या टपातून कात्रीचं टोक वर आलं, टप या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटला आणि बायको त्यातून ताठ उभी राहिली. केस मोकळे, खांद्यावर कामट्या. इतक्या दिवसांत त्या जागी ती पहिल्यांदाच उभी होती.

"लिफ्ट येणार नाही," ती म्हणाली. "आणि ही जागा कुणी मोजायची नाही."

"नाही," इंचराव काचेमागून म्हणाले.

"तुम्ही ओढत होतात वर?"

"हो. तुला भीती वाटू नये म्हणून." मग थोडं थांबून त्यांनी खरं ते सांगितलं. "आणि माझं माप चुकलं असं कुणी म्हणू नये म्हणून."

सासऱ्यांची गाडी त्याच आठवड्यात विकली गेली. कामट्या बंबात गेल्या, कापडाच्या उशा झाल्या. तुळयांवरच्या कप्प्यासुद्धा काढल्या. कोण सोडत होतं, कोण ओढत होतं, सगळ्याचा हिशेब लागला. वर आता स्वच्छ छत आहे, आणि खिडकीतून भरपूर उजेड येतो.

हे सगळं मला तिनेच सांगितलं, परवा मी पहिल्यांदाच तिच्याकडे पँट आखूड करायला घेऊन गेलो तेव्हा. सांगता सांगता ती हसत होती, मीही हसत होतो. मग ती म्हणाली, "एक विचारू? दारातून आत येताना तुम्ही वाकलात कशाला?"

मी वर पाहिलं. काहीच नव्हतं. "वाकलो होतो का?"

"सगळेच वाकतात. नवीन माणसंसुद्धा. आमचे हे तर अजून चहा घेऊन रांगत येतात," ती म्हणाली आणि ताठ मानेने इस्त्रीकडे निघून गेली. मी पँट टेबलावर ठेवून निघालो. आता सगळं माहीत होतं, तेव्हा भ्यायचं काही कारण नव्हतं. तरी जाताना, खोटं कशाला सांगू, जरा जास्तच वाकलो.