तिसऱ्या मजल्यावरचा गोग्रास

नेमधर्माच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये! आधी गाईच्या तोंडात पोळी, मग माझ्या तोंडात घास. लग्न झाल्यापासूनचा हा नेम एकदाही मोडलेला नाही. गावी निरवांगीत होतो तेव्हा गाय दारातच होती, काही प्रश्नच नव्हता. पुढं बारामतीत परवडणाऱ्या घरांच्या योजनेत आमचा नंबर लागला आणि सोडतीत निघाला तिसरा मजला. तोही बिनलिफ्टचा!

"अनसूया, आता कसला गोग्रास?" जाऊबाई म्हणाल्या. "गाय काय उडत येणार का वर?"

"देवाच्या कामाला मजला आडवा येत नाही," मी हळूच म्हटलं. माझा आवाज मुळातच बारीक. फोडणीत जिरं तडतडलं तरी माझं बोलणं वाहून जातं.

पण उपाय काढला! बाल्कनीतून दोरी, दोरीला टोपली, टोपलीत पोळी. शेजारच्या वस्तीवरच्या गोकुळची चंद्री गाय रोज बाल्कनीखाली मान वर करून उभी. बघणाऱ्याला वाटावं, हिची वरच्या कुणाशी तरी सोयरीक ठरतेय!

घर छान होतं हो, पण नळ कोरडे. टँकर आला की अख्खी इमारत हंडे-कळश्या घेऊन धावायची. नळजोड मिळण्यासाठी नगरपालिकेची एकच अट होती: इमारतीतला ओला कचरा इमारतीतच जिरला पाहिजे. त्यासाठी गच्चीवर एक खताचं यंत्र बसवलेलं. पहिल्याच दिवशी त्याची मोटर जळाली. आता त्यात पारवे राहतात. त्यांना घर सोडतीशिवाय मिळालं!

अशात पाहणीचा दिवस ठरला. आमचे हे, म्हणजे दत्तोपंत, सोसायटीचे चेअरमन. त्यांनी फर्मान काढलं, "प्रत्येकानं दाराबाहेर हिरवी बादली ठेवायची. साली, देठ, भाजीचा पाला, सगळं भरून! कचरा वेगळा करतो हे दिसलं पाहिजे."

"आणि यंत्र विचारलं तर?" तळमजल्यावरच्या ताजबीनं विचारलं. शिवणकाम करते, जीभही कात्रीसारखीच.

"मी विषय बदलीन. आणि अनसूया, आज ती टोपली लोंबकळायला नको! अधिकारी काय म्हणतील?"

झालं! चंद्री वेळेवर हजर, टोपली गायब. तिनं हंबरडा फोडला. मी बाल्कनीतून पोळी दाखवत हातानं खुणावलं, 'थांब गं बाई, मी येते.' तिनं त्याचा अर्थ आमंत्रण असा घेतला! पाहुण्यांसाठी फाटक सताड उघडं होतं. पोळी घेऊन मी दार उघडते तर जिन्यातून खाड खाड आवाज. आणि वळणावर शिंगं!

येताना बाईसाहेबांनी एकेका दारापुढची बादली चाटून पुसून लख्ख केली होती. आमच्या दारातली मात्र तिनं सावकाश, पाहुणीसारखी खाल्ली. वर माझ्या हातची पोळीही.

इतक्यात खालून यांचा आवाज, "या मॅडम, या! जिन्याला रेलिंग कसं मजबूत आहे बघा!"

पाहणीला आलेल्या दीप्ती मॅडम वर वर येत होत्या. "दत्तोपंत, बादल्या तर रिकाम्या आहेत. ओला कचरा कुठाय?"

"जिरला!" ताजबी मागून म्हणाली.

"इतक्या लवकर?"

तेवढ्यात मॅडम आमच्या मजल्यावर पोचल्या. समोर चंद्री, तोंडात फ्लॉवरचा देठ. यांचा चेहरा असा झाला, जणू दूध नासताना डोळ्यांनी बघतायत. मी पुढं होऊन म्हटलं, "मॅडम, ही आमची नाही, चुकून वर आली..."

"हम्म्म्माऽऽ!" चंद्री म्हणाली. माझं वाक्य गेलं वाहून!

मॅडमनी बादलीकडं पाहिलं, गाईकडं पाहिलं, मग पायरीवरच्या ताज्या शेणाकडं पाहिलं. "आणि हे?"

"खत!" ताजबी म्हणाली.

मॅडमचे डोळे चमकले. "वीज नाही, यंत्र नाही, शून्य खर्च! अहो, असा प्रकल्प मी कुठं पाहिला नाही!" त्यांनी चंद्रीसोबत फोटो काढला. गच्चीवर जायचं त्या विसरल्याच. पारवे वाचले, आम्हीही वाचलो!

पण मॅडम गेल्या, गाय राहिली. गोकुळ आला, त्यानं शेपटीशी उभं राहून जिना न्याहाळला. "गाय चढती वहिनी, उतरत न्हाय. खालचं बघितलं की तिचं पाय गळत्यात."

"मग उचलून नेऊ," हे म्हणाले.

"चंद्रीला? तुमी उचला चेअरमन, मी फोटू काढतो."

ताजबी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "पोळीसाठी चढली, पोळीसाठीच उतरंल. लाटा की!"

मग काय, घराघरांत तवे चढले! टँकरचं उरलंसुरलं पाणी कणकेत गेलं. माझ्या पोळ्या, ताजबीच्या भाकऱ्या, कुणाचे पराठे. मी पोळी धरून उलटी उतरत होते, गोकुळ शेपटी धरून देवाचं नाव घेत होता, आणि चंद्री दर पायरीला थांबून 'पुढची कुठाय?' अशी बघत होती. एखादी विहीणबाईसुद्धा इतकं मानपान घेत नाही! ती खाली टेकली तेव्हा इमारतीत खायला दाणा उरला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात मॅडमचा फोन आला. यांनी सगळ्यांना ऐकू जावा म्हणून मोठ्या आवाजात लावला.

"अभिनंदन! नळजोडाची शिफारस केलीय. फक्त सोमवारी मोठे साहेब येणार आहेत. त्यांना तो प्रकल्प चालू स्थितीत बघायचाय. तिथंच, तिसऱ्या मजल्यावर!"

फोन बंद झाला.

"अहो, खरं सांगून टाकू या का?" मी विचारलं.

यांनी कोरड्या नळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "देवाच्या कामाला मजला आडवा येत नाही, असं कोण म्हणालं होतं?"

मी मुकाट्यानं परात घेतली. तर दारात गोकुळ उभा, डोकं खाजवत.

"वहिनी, तेवढं तूप बी लावा. आता कोरड्या पोळीला ती पायरी चढत न्हाय."