सुबराव आणि मायनसची तार

सुबराव लग्नाला जातानाही खिशात वीज मोजायचा मल्टिमीटर न्यायचे. एकदा सांगलीत, अक्षता पडायच्या आत, त्यांनी मांडवातल्या माइकचा दांडा तपासला आणि भटजींना दोन पावलं मागं ओढलं. "करंट हाय. मंत्र लांबनं म्हना!"

माणूस मूळचा कुंडलचा. वीस वर्षं सैन्यात वायरलेसवर काढलेली. नव्वदच्या दशकात ते आमच्या तंत्रशाळेत लॅब सांभाळायचे, मी शिकवायचो. कागदावर मी त्यांचा साहेब होतो.

एका वर्षी आमच्याकडं पहिला मायक्रोकंट्रोलर आला. चाळीस पायांची काळी चिप, आत अख्खा छोटा संगणक. सेन्सरपुढून हात गेला की दिवा लागतो, असं मी प्राचार्यांना दाखवणार होतो. चिप पाच व्होल्टवर, सेन्सर स्वतःच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर. मी सेन्सरची तार थेट चिपला लावायला निघालो, तसं सुबरावांनी माझं मनगट धरलं.

"आवं मास्तर, दोन येगळ्या घरची मानसं ही. आधी दोघांच्या मायनस तारा एक करा. मग बाराचं पाचाच्या आत आना. आधी चिप चालू करा, सेन्सर मागनं. आनि मधी मीटर लावा!"

"प्राचार्य आलेत, सुबराव. वेळ नाही."

"मग जळंल."

जळली. वास प्राचार्यांच्या नाकापर्यंत गेला. सुबराव आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मेलेली चिप मात्र त्यांनी कापूस घालून काडेपेटीत ठेवली.

नवव्या दिवशी म्हणाले, "रविवारी घरी या. तारा धरायला मानूस पायजे."

घरी त्यांनी स्वतःसाठी मागवलेली चिप होती. फाटकावर सेन्सर, त्याला स्कूटरची बॅटरी. चिप आणि दिवा स्वयंपाकघरात. मायनसला मायनस जोडली, दोन रेझिस्टर टाकून व्होल्टेज उतरवलं आणि मीटरवरचा आकडा मला चारदा मोठ्यानं वाचायला लावला.

"एवढं कशासाठी?" मी वैतागून विचारलं.

"हिला ऐकू येत न्हाई," कणीक मळणाऱ्या बायकोकडं बघत ते म्हणाले. "मी फौजेत असताना तापात हिचं कान गेलं. रजेवर आलो की दार वाजवत बसायचो. एकदा तर तासभर. आता फाटक एकदा हाललं तर दुसरं कुनीतरी. लागोपाठ दोनदा हाललं तर मी."

ते बाहेर गेले. दिवा दोनदा लुकलुकला. काकू तशाच कणकेच्या हातांनी दाराकडं धावल्या. दार उघडलं आणि लहान मुलीसारख्या खुदकन हसल्या.

सुबराव उंबऱ्यापर्यंत आले, थांबले आणि परत फाटकाकडं वळले.

"मास्तर, तुमी च्या घ्या," ते म्हणाले. "मी आनिक एकदा येतो."