मानपान

"अहो, मी मान हलवली की पान उलटायचं. बस्स. एवढंच काम."

"लग्न झाल्यापासून तेच करतोय की! तू मान हलवायची, मी उठायचं," चष्मेवाले म्हणाले.

चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासण्यात त्यांची हयात गेली होती. पण पियानोच्या कागदावरची स्वरलिपी त्यांना कुणीतरी तीळ सांडल्यासारखी दिसे. पानं उलटणारी मैत्रीण ऐनवेळी तापाने आडवी झाली आणि हे घोंगडं त्यांच्या गळ्यात पडलं.

बायको नोकरीतून निवृत्त झाल्यावर पियानो शिकली. मागच्या कार्यक्रमात पाठ वाजवायला गेली, मधेच विसरली आणि भर सभागृहातून उठून आली. तेव्हापासून कागदाशिवाय ती पियानोला हात लावत नसे. "पूर्वी कागद न ठेवता वाजवणं आगाऊपणा समजायचे," असं ती शिकवणाऱ्या बाईंनाच सुनवायची.

"तो काळ गेला. तुम्हाला सगळं पाठ आहे," बाई म्हणायच्या. पण ऐकतंय कोण?

"आज फजिती झाली, तर पियानो विकून टाकायचा," बायकोने निघताना जाहीर केलं. रोज संध्याकाळी घरी परतताना जिन्यातच ते सूर चष्मेवाल्यांच्या कानावर पडत आणि दुकानातला सगळा शीण उतरे. पियानो गेला तर त्या जिन्यात उरणार काय?

रंगमंचावर चष्मेवाले तिच्या शेजारी बसले आणि नॉक्टर्न सुरू झालं. नॉक्टर्न म्हणजे रात्रीचं संगीत, संथ आणि हळुवार. बायकोने मान हलवली, चष्मेवाल्यांनी पान उलटलं. त्यांना वाटलं, हे तर सोपं आहे.

मग मधला भाग आला. शांत रात्रीत वादळ सुटावं तसे सूर उसळले आणि बायको रंगात आली. आता रंगात आलेलं माणूस मान डोलावणारच! तिची मान डोलली, यांनी पान उलटलं. पुन्हा डोलली, पुन्हा उलटलं. नॉक्टर्न अर्ध्यावर आणि पानं शेवटाला!

"मागे!" बायको दात ओठ खात पुटपुटली.

चष्मेवाले आज्ञाधारकपणे खुर्चीसकट मागे सरकले.

"अहो, मागे!"

ते आणखी सरकले. तेवढ्यात तिची मान पुन्हा हलली. आता हात पुरेना, म्हणून ते लांबूनच झेपावले आणि सगळे कागद भिरभिरत पियानोखाली गेले. चष्मेवाले गुडघे टेकून त्यांच्यामागे शिरले.

संपलं, विकला पियानो, असं म्हणत त्यांनी डोळे मिटले. पण वर सूर थांबलेच नाहीत. वादळ ओसरलं, सुरुवातीची ती हळुवार धून परत आली आणि न अडखळता शेवटाला पोचली. मग टाळ्या सुरू झाल्या. पियानोखाली बसलेल्या माणसाचे डोळे भरून आले.

बाई धावत आल्या. "चष्मेवाले, कमाल केलीत! कागदच काढून घेतलेत! मला एवढं धाडस कधी झालं नसतं!"

चष्मेवाल्यांनी खरं सांगायला तोंड उघडलं. बायकोने हळूच मान हलवली. त्यांनी ते मिटलं.

घरी जाताना ती म्हणाली, "पुढच्या कार्यक्रमालाही शेजारी बसाल?"

"पानं उलटायला?"

"छे! पानं राहू देत घरी. तुम्ही नुसते बसा."

चष्मेवाल्यांनी मान हलवली.