बत्तिसाव्या सेकंदाचं गूढ

प्रेषक: बुरहान, अम्मान शहरातला सर्वांत तल्लख शोधक
प्रति: वाचक
विषय: बत्तिसावा सेकंद

वरच्या ओळी दचकून वाचू नका. आम्ही इंटरनेटवरून बोलायचे फोन बनवतो आणि त्यांवरचा प्रत्येक कॉल अशाच एका छोट्या पत्रानं सुरू होतो. माझ्या टेबलावरच्या फोनमध्येही माझं नाव मी असंच, बिरुदासकट भरलंय. बुरहान म्हणजे पुरावा. ज्याचं नावच पुरावा, त्याला वेगळा पुरावा गोळा करावा लागत नाही. माझ्या यशाचं एवढंच रहस्य.

१०० – प्रयत्न चालू आहे

माझा सहाय्यक कुसै. त्याला बायको म्हणून करक गावची लुजैन हवी. तिचे वडील अबू सख्र पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात खांबांवर चढले. खांबावरची तार नसलेल्या फोनवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. त्यांनी कुसैला बजावलं होतं, "तुझ्या आईनं तुझ्याच फोनवरून मागणी घालावी. ज्याच्या फोनवर एक वाक्य टिकत नाही, त्याच्या घरात माझी पोर काय टिकणार? गुरुवारी, दुपारच्या असरच्या अजानपर्यंत. शुक्रवारी तिच्या चुलतभावाची माणसं येतायत."

आज गुरुवार. कुसैची आई, उम्म कुसै, तिळाच्या कआक पावांची थाळी घेऊन आमच्या ऑफिसात आली होती. फोन अर्थातच माझा दिला.

१८० – घंटी वाजते आहे

"सलाम, अबू सख्र! कसे आहात? उम्म सख्र कशी? तिचा गुडघा? पोरं? सुना? जैतुनं उतरली का? आणि बकऱ्या..."

खट्.

पाच वेळा लावला. पाचही वेळा बकऱ्यांपाशी खट्. मी घड्याळ लावलं. बरोब्बर बत्तीस सेकंद.

"मावशी, जरा थेट मुद्द्यावर या ना," मी म्हणालो.

"बकऱ्यांची चौकशी न करता मुलगी मागू? मी काय दरोडा घालायला आलेय?"

सहाव्या वेळी बकऱ्यांच्या आधी अबू सख्रच कडाडले, "या घराला पोच नाही!" आणि खट्.

४०४ – सापडलं नाही

"चुलतभाऊ काय करतो?" मी डोळे बारीक करून विचारलं.

"दंतवैद्य आहे, उस्ताज."

"बत्तीस सेकंद. बत्तीस दात. बत्तीशी! कुसै, दात काढणाऱ्यानंच आपला कॉल मुळापासून काढलाय."

"त्याला स्वतःचा ईमेल उघडता येत नाही."

"म्हणूनच तर कोणी संशय घेत नाही."

"उस्ताज, अबू सख्र बरोबर बोलले. त्यांनी फोन उचलला की आपल्याकडून 'पोच' जावी लागते. ती मिळाली नाही, तर त्यांचं यंत्र बत्तीस सेकंद वाट बघतं आणि तोडतं. पोच नाही."

"ते तुझ्या वळणाबद्दल बोलत होते."

"तेही असेल."

मी मग अबू सख्रवर, बकऱ्यांवर आणि खालच्या शवर्मावाल्यावर क्रमानं संशय घेतला. शवर्मावाल्याची मी जातीनं तपासणी केली. निर्दोष होता, लसूण जरा जास्त.

वर आलो तर कुसै कॉलच्या त्या पत्रांच्या अकरा छापील पानांत डोकं धरून बसला होता.

"म्हणे अक्षरांत लिहिलं की माणसाला वाचता येईल! मोठं अक्षर चालतं, लहान चालतं. 'प्रेषक' पूर्ण लिहा नाहीतर नुसतं 'प्रे' लिहा, चालतं. ओळ मध्येच तोडा, पुढची ओळ मोकळ्या जागेनं सुरू करा, तेही चालतं. इतकं सगळं चालतं, की काही म्हणजे काही चालत नाही!"

असरला वीस मिनिटं. उम्म कुसैनं कआकखाली घालायला एक पान ओढलं, चष्मा लावला आणि थांबली.

"हा दुसरा कोण रे?"

"कुठला दुसरा?"

"इथे लिहिलंय. बुरहान, स्वल्पविराम, अम्मान शहरातला सर्वांत तल्लख शोधक. बुरहानला मी ओळखते. हा दुसरा कोण? मी मुलगी मागतेय आणि तुम्ही लाइनीवर परका पुरुष बसवलात?"

कुसैनं माझ्याकडे पाहिलं. मी कआककडे पाहिलं.

"उस्ताज," तो सावकाश म्हणाला, "अवतरणचिन्हांत नसेल, तर स्वल्पविरामानंतर पुढचा माणूस सुरू होतो. कॉल आला, की त्यांचं यंत्र पहिल्या नावावर भागवतं. पोच घेताना मात्र दुसऱ्याला शोधत बसतं. आणि तो सापडत नाही."

"सापडेल कसा," उम्म कुसै म्हणाली. "तल्लख शोधक इथे आहे कुठे?"

२०० – ठीक

कुसैनं स्वल्पविराम पुसला आणि आईला पुन्हा फोन लावून दिला. एकतीस. बत्तीस. तेहतीस. बकऱ्या पार झाल्या. बकऱ्यांची करडं पार झाली. शेजाऱ्याचं पित्ताशय पार झालं. नऊ मिनिटं! कुसै फोनची वायर चावू लागला.

"...तर अबू सख्र, तुमची लुजैन आमच्या कुसैला द्या."

तेवढ्यात रिसीव्हरमधून करकची अजान ऐकू येऊ लागली, स्पष्ट, अक्षर न् अक्षर. अबू सख्र ती संपेपर्यंत थांबले. फोनही थांबला.

"पोच मिळाली," ते म्हणाले. "उद्या वडीलधाऱ्यांना घेऊन कॉफीला या. पुतण्याला मी सांगतो."

कुसैनं आईच्या हातांचे मुके घेतले. माझे कोणी घेतले नाहीत. थोरांचं असंच होतं.

प्रेषक: बुरहान अम्मान शहरातला सर्वांत तल्लख शोधक
प्रति: वाचक
विषय: मी सोडवलेलं प्रकरण
पोच द्यावी. बत्तीस सेकंद थांबतो.