शेपट्याला आली दाढी

माझ्या केसांबद्दल मी काही बोलणार नाही, असं म्हणून मी साधारण अर्धा तास बोलते. तुमचीही त्यातून सुटका नाही, तेव्हा जरा ऐसपैस बसा.

एकसष्टी उलटली तरी माझा शेपटा कमरेखाली चांगला वीतभर येतो. चष्म्याचा नंबर वाढला, गुडघे कुरकुरायला लागले आणि मागच्या खेपेला डॉक्टरांकडे मोजली तर उंचीसुद्धा बोटभर कमी भरली. माझं म्हणून अजून काही वाढत असेल तर ते केसच. रंग म्हणाल तर चांदीचा, आणि तो मी कधी लपवला नाही.

त्यातून आमचं घर चालतंच केसांवर. आमचे हे नाटकांसाठी टोप, दाढ्या आणि मिशा बनवतात. पुढची खोली म्हणजे त्यांचं वर्कशॉप. तिथे फळीवर लाकडी मुंडकी ओळीनं मांडलेली असतात, त्यामुळे पहिल्यांदा येणारा कुरियरवाला हमखास एक पाऊल मागे सरकतो. केस धुणं, विंचरणं, त्यांच्या बटा जुळवून देणं हे काम लग्नापासून माझ्याकडे आहे. थोडक्यात, केस कशाशी खातात हे मला कोणी शिकवायची गरज नाही.

तरी शिकवणारी एक आहेच. माझी धाकटी नणंद. दोन गल्ल्या पलीकडे तिचं पार्लर आहे आणि माणसाच्या तोंडाआधी त्याचे शेंडे बघायची तिला सवय आहे.

एके दिवशी ती घरी आली, माझा शेपटा हातात घेतला, वरपासून खालपर्यंत हात फिरवला आणि म्हणाली, "वहिनी, वरती रेशीम आहे हो. पण खाली केरसुणी."

"वन्सं, जिभेला काही हाड?"

"खरं तेच सांगते. हे टोक तुमच्या डोक्यावर कधी उगवलं, आठवतंय का? कितीतरी वर्षं झाली. तेव्हापासून ऊन, फणी, साबण सगळं सोसतंय बिचारं. एकेका केसाला दोन-दोन फाटे फुटलेत. चार बोटं कापून टाका, मोकळ्या व्हा."

"एक बोटसुद्धा नाही. कात्री न लावता मऊ करून दाखवीन."

"जमायचं नाही."

"तुमच्या पार्लरमध्ये, तुमच्या गिऱ्हाइकांसमोर हात लावून बघा. ह्यांच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग आहे ना, त्या दिवशी सकाळी येते. टोकं मऊ नसली तर खांद्यापर्यंत कापा, मी हूं का चूं करणार नाही."

पलीकडे हे एका मिशीला आकार देत होते. त्यांनी मान वर केली. "अगं, जरा विचार करून बोल."

"तुम्ही तुमची मिशी सांभाळा," मी म्हटलं. शब्द तोंडातून गेला होता आणि नणंदेनं तो लगेच झेललाही होता.

दुसऱ्या दिवसापासून मी कंबर कसली. टॉवेलनं खसाखसा पुसणं बंद. ह्यांचा एक जुना सुती बनियन घेतला आणि केस त्यात नुसते टिपायला लागले. शाम्पू फक्त टाळूला, टोकांना जाता जाता जो फेस लागेल तेवढाच. विंचरायचं ते रुंद दातांच्या फणीनं, आणि खालून वर, म्हणजे गुंता आधी शेंड्यांशी सोडवायचा आणि मग एकेक पायरी वर चढायची. तेल चारच थेंब, तेही तळहातावर चोळून फक्त टोकांना. उशीला सॅटिनचा अभ्रा हवा म्हणतात, केस घासत नाहीत. मी एका जुन्या नाटकातल्या राणीचा फाटका परकर उसवून अभ्रा शिवला. तो इतका गुळगुळीत झाला की उशी रोज सकाळी पलंगाखाली सापडायची आणि मान धरायची ती वेगळीच.

फरक पडला, नाही असं नाही. वेणी चमकायला लागली, गळणं कमी झालं. शेंड्यांनी मात्र फाटे फोडायचं काही सोडलं नाही. प्रयोगाच्या आदल्या दिवशी दुपारी मी टोकं गालाला लावून बघितली. गालाला खाज सुटली.

मग मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. आमच्या वर्कशॉपची एक पद्धत आहे. केस रुक्ष झाले की त्यांची वेणी घालायची, कोरफडीचा गर लावायचा, ओल्या मलमलच्या फडक्यात गुंडाळायची, गर निथळायला टोक तेवढं बाहेर ठेवायचं आणि दांडीवर लटकवून द्यायची. मेलेल्या केसांत जीव येतो, मग माझे तर डोक्याला धरून होते. अडचण एकच, गर ठिबकून पाठ भिजते. आमच्या स्वयंपाकघराच्या आणि वर्कशॉपच्या मध्ये पडदा आहे आणि पडद्याला लागूनच ती दांडी आहे. मी पडद्याकडे पाठ करून आरामखुर्चीत बसले, शेपटा पडद्याच्या फटीतून पलीकडे सोडला आणि दांडीवर टाकला. मी स्वयंपाकघरात, शेपटा वर्कशॉपमध्ये. स्वतःच्या डोक्यावर इतकी खूश झाले की पाचव्या मिनिटाला घोरायला लागले.

जाग आली तेव्हा वेणी सुटी होऊन माझ्या मांडीवर होती, कोरडी आणि नीट विंचरलेली. समोर चहा घेऊन हे उभे होते. लग्नानंतर ह्यांनी मला आपणहून चहा दिला तो माझ्या बाळंतपणात. मी जरा चपापलेच, पण तेवढ्यात हात टोकांकडे गेला आणि बाकी सगळं विसरले. लोणी हो, नुसतं लोणी! ज्या टोकांनी गाल खाजवला होता, ती आता बोटांतून निसटत होती.

"अहो, हात तर लावून बघा!"

"छान झालेत," हे खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"बघा म्हटलं ना."

"न बघताच कळतंय. पण ऐक, उद्या त्यांना पाणी लावू नकोस हं. कोरफडीचा गुण जातो."

माझ्या केसांची इतकी काळजी! मला भरूनच आलं. चहात साखर नव्हती, तरी मी तो संपवला.

सकाळी मी पार्लरमध्ये अशी शिरले, जणू फीतच कापायला आलेय. खुर्च्या भरलेल्या होत्या, बाया डोक्याला काही ना काही थापून बसल्या होत्या. नणंदेनं शेपटा हातात घेतला. बोटं वरून खाली आली, टोकाशी थांबली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. 

"काय वन्सं? केरसुणी कुठे गेली?"

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "काय लावलंत?"

मग काय विचारता! माझी गाडी सुटली. फणी कशी धरायची, बनियन कुठला घ्यायचा, राणीच्या परकराचं काय करायचं, सगळं सांगितलं. एक बाई मोबाइलवर माझा व्हिडिओ काढायला लागली, तेव्हा मी मान जरा तिरपी केली. "संयम हवा," मी म्हटलं. "आजकालच्या मुलींना तोच नाही." ज्या मुलीकडे बघून म्हटलं, ती पन्नाशीची होती.

पण नणंद मुरलेली आहे. "तेलाचा मऊपणा वेगळा आणि केसाचा वेगळा. एकदा कोमट पाण्यानं धुऊन बघू. मग मी हरले."

ह्यांचं बोलणं आठवलं. पण जिंकायला आलेल्या माणसाला सबुरी कुठून सुचणार? "खुशाल धुवा," म्हणत मी बेसिनच्या खुर्चीवर मान टाकली.

पाण्याचा आवाज सुरू झाला आणि दार धाडकन उघडलं.

"पाणी नको! अगं, पाणी लावू नका!" हे धापा टाकत होते. मागोमाग एक आडदांड गृहस्थ शिरले. ह्यांच्या नव्या नाटकात न्यायाधीशाचं काम करणारे नट. हनुवटीला पांढरी दाढी चिकटवलेली, पण ती गळ्यापाशीच तुटक संपत होती.

"उशीर झाला, दादा," नणंद म्हणाली. तिनं दोन बोटांच्या चिमटीत बेसिनमधून काहीतरी उचललं. पांढऱ्या केसांचा एक झुपका. त्याच्या एका टोकाला गोंदाचा लगदा लोंबत होता.

नटांनी तो निरखून बघितला आणि भरदार आवाजात म्हणाले, "ही माझी दाढी."

 मी बेसिनमधूनच विचारलं, "कोणाची काय?"

मग सगळं बाहेर आलं. नाटकातल्या म्हाताऱ्यांसाठी पाच पांढऱ्या वेण्या दांडीवर लटकत होत्या आणि ह्यांना त्यांची टोकं चार-चार बोटं कापून सारखी करायची होती. हे मान खाली घालून काम करणारे. कापत कापत शेवटपर्यंत गेले. "सहावी कापली," हे म्हणाले, "आणि मग पडद्यामागून घोरण्याचा आवाज आला. मी म्हटलं, वेण्या तर पाचच होत्या."

"आणि मला उठवलं नाहीत?"

"तू उठल्यावर काय केलं असतंस ते डोळ्यांसमोर आलं. न्यायाधीशांच्या दाढीचा रंग मी तुझ्याच केसांवरून जुळवला होता, आणि ती मऊही होती. तिची खालची चार बोटं सोडवली, तुझ्या टोकांना दोऱ्यानं बांधली आणि वरून गोंद लावला. वाटलं, पैज झाली की काढून परत दाढीला लावू. पण हे न्यायाधीश सकाळीच दाढी लावून बघायला आले."

म्हणजे मी गेला तासभर ज्या शेंड्यांवर व्याख्यान झोडत होते, ती एका पुरुषाची दाढी होती. व्हिडिओवाली बाई अजून व्हिडिओ काढतच होती.

"तो बंद करा हो," मी म्हटलं.

"माझं काय?" नट म्हणाले. "पहिल्या अंकात निकाल देण्याआधी मी दाढीवरून हात फिरवतो. सावकाश. प्रेक्षक श्वास रोखून बसतात. आज हात फिरवला तर थेट शर्टाच्या बटणावर येईल. आणि संध्याकाळी प्रयोग आहे."

ह्यांनी तो ओला झुपका हातात घेऊन उलटसुलट केला. लगदाच झाला होता. "घरात पांढरा केस उरलेला नाही," हे हळूच म्हणाले. "होते तेवढे त्या पाच वेण्यांत गेले, आणि त्या कालच थिएटरवर पोचल्या." ह्यांचा चेहरा एवढासा झाला होता. इतकी वर्षं ह्यांनी एकाही नटाला उघड्या हनुवटीनं रंगमंचावर पाठवलेलं नाही, आणि आज पाठवायची वेळ आली होती ती मला भिऊन.

मी आरशात बघितलं. पार्लरमधला प्रत्येक माणूस माझ्या शेपट्याकडे बघत होता.

नणंदेनं कात्री उचलली, मग परत ठेवली. "पैज राहू दे, वहिनी. कात्री तुम्ही लावली नव्हती. मी नाही कापणार."

खरं सांगते, मला रडू आलं. केसच ते, पण ते माझे होते. तरुणपणी माझ्या बाकीच्या मैत्रिणी देखण्या होत्या, मी लांब केसांची होते. ओळख तीच. खांद्यापर्यंत कापले तर मी कोण, हा प्रश्न मला त्या ओल्या खुर्चीत पडला. पण ह्यांच्याकडे बघितलं. हे मान खाली घालून, हातातल्या लगद्यातला एकेक केस सोडवायचा प्रयत्न करत होते. असा माणूस.

"कापा," मी म्हटलं. "पैज म्हणजे पैज. आणि नीट कापा, दाढी छातीपर्यंत यायला हवी."

कात्रीचा आवाज मी डोळे मिटून ऐकला. डोकं एकदम इतकं हलकं झालं की मान आपोआप वर आली. नणंदेनं टोकं वळवून दिली आणि म्हणाली, "वहिनी, आता हात लावा." लावला. मऊ होती. चिडचिड झाली मला, कारण ती हेच तर पहिल्या दिवसापासून सांगत होती.

दुपारभर मी बटा जुळवून देत होते आणि हे एकेक ओळ दाढीत विणत होते.  मध्येच ह्यांनी न विचारता चहा आणला. या वेळी साखर होती.

संध्याकाळी आम्ही तिघं तिसऱ्या रांगेत बसलो. निकालाची वेळ आली. न्यायाधीश उभे राहिले, छातीपर्यंत आलेल्या त्या चांदीच्या दाढीवरून त्यांनी सावकाश हात फिरवला आणि केस बोटांतून अलगद सुटत गेले. सगळं नाट्यगृह चिडीचूप झालं. नणंदेनं माझा हात दाबला. आणि माझ्या मागच्या खुर्चीवरच्या बाई शेजारणीच्या कानात म्हणाल्या, "अगं बघितलंस? या वयात इतके लांब, आणि शेंड्यापर्यंत कसे मऊ!"

इतकी वर्षं मी हे वाक्य ऐकायला जीव टाकत होते. राहवेना. मी मागे वळले आणि हळूच सांगितलं, "कोरफड लावते मी. आणि चार थेंब तेल, फक्त टोकांना."

मध्यंतरानंतर त्या बाई पार मागच्या रांगेत जाऊन बसल्या होत्या.